आंबेगावच्या डोंगरातल्या आठ चुली

जामखेडला परत आल्यावर जो तो विचारायचा, "काय काय पाहिलंस तिकडं?" जुन्नर-आंबेगावला बारा दिवस राहून आलेला माणूस शिवनेरीवर गेला असेल, भीमाशंकरचं दर्शन घेऊन आला असेल, असं लोकांना वाटणं साहजिक होतं. शिवनेरी मी एसटीच्या खिडकीतून पाहिला आणि भीमाशंकरच्या रस्त्याला नुसता लागलो. मग बारा दिवस केलं काय? चुली पाहिल्या. हे ऐकून माणसं हसत आणि विषय बदलत. ज्यांनी विषय बदलला त्यांच्यासाठीच हे लिहितो आहे.

गावोगावी निर्धूर चुलींची योजना चालू होती, तेव्हाची ही गोष्ट. या चुलीत लाकूड कमी जळतं, दोन भांडी एकदम शिजतात आणि धूर धुराड्यातून छपराबाहेर जातो. चुली बांधायला माणसं मात्र शिकलेली हवीत. पुण्याच्या एका संस्थेनं मला ती माणसं शिकवण्याच्या कामावर घेतलं होतं. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिलाच. माझ्या पिशवीत एक छापील पुस्तिका होती, एक मोजपट्टी होती आणि चुलीचा लोखंडी साचा होता. एवढ्यावर आपण कुणालाही शिकवू शकू असं मला प्रामाणिकपणे वाटत होतं.

जुन्नर

नगरहून निघालेल्या गाडीनं दुपारी आळेफाट्याला सोडलं. फाट्यावर चारी दिशांची माणसं आणि चारी दिशांच्या गाड्या. तिथल्या एका खानावळीत मी पहिल्यांदा मासवडी खाल्ली. नावामुळं आधी नको म्हणालो, कारण त्या दिवशी माझा उपवास नसला तरी गुरुवार होता. वाढणारा म्हणाला, "पावणं, यात मासा नाय. बेसनाची वडी हाय, आत खोबरं-तीळ. खावा बिनघोर." वडी रश्शात बुडवून बाजरीच्या भाकरीबरोबर खाल्ली. डोळ्यांतून पाणी आलं, पण ताट मी धुतल्यासारखं पुसून ठेवलं.

जुन्नरला मला धुराड्यांच्या पत्र्याच्या टोप्या ताब्यात घ्यायच्या होत्या. पावसाचं पाणी आत जाऊ नये आणि वाऱ्यानं धूर उलटू नये म्हणून धुराड्यावर ही टोपी बसवतात. पत्र्याचं काम करणारे इब्राहिमचाचा पेठेत एका अरुंद दुकानात बसायचे. डबे, नरसाळी, चाळण्या यांच्यामध्ये ते स्वतः जेमतेम मावत. आठपैकी पाच टोप्या तयार होत्या. मी पट्टी काढून मोजलं, तर टोपीखालची फट पुस्तिकेतल्यापेक्षा बोटभर मोठी.

"चाचा, हे मापात नाही," मी म्हणालो.

"भाऊ, माप पुन्याचं हाय. टोप्या जानार डोंगरात. तिथला वारा तुमी बघितलाय का?"

"नाही."

"मी बघितलाय. माझी सासुरवाडी घोडेगावची. पावसाळ्यात तिथं वारा माणसाला पाडतो. बारीक फटीत धूर कोंडंल." त्यांनी कातर खाली ठेवली नाही. "उरलेल्या तीन उद्या सकाळी देतो. तवर लेण्याद्रीला जाऊन या. इथं बसून माझं माप नका काढू."

मी गेलो. पायऱ्या मोजायला सुरुवात केली आणि दीडशेच्या पुढं आकडा चुकला. वर गणपतीच्या लेण्यात एवढं मोठं दालन आहे आणि मधे एकही खांब नाही. आमच्याकडं गणपती म्हणजे शेंदूर लावलेला, देवळातला. इथं तो डोंगरातच आहे. दर्शन घेऊन शेजारच्या एका रिकाम्या लेण्यात डोकावलो, तर कोपऱ्यातलं छत काळंकुट्ट. कधीतरी कुणी वाटसरूनं तिथं चूल मांडली असणार. दगडाचं छतही धुरानं इतकं काळं होतं, तर घरात बसून रोज तो धूर घेणाऱ्या बाईचं आत काय होत असेल, असा विचार आला. आमच्या घरच्या छताचा रंग तसाच होता. आईचा खोकला आठवला. तो विचार मी तिथंच सोडून खाली उतरलो.

घोडेगाव

दुसऱ्या दिवशी टोप्यांचं गाठोडं एसटीच्या टपावर बांधून घोडेगावला निघालो. गाठ माझीच होती. एका वळणावर टपावर खडखड झाली आणि मागून कुणीतरी ओरडलं, "टोपी पडली." कंडक्टरनं घंटी ओढली. मी धावत मागं गेलो तर एक शेतकरी ती टोपी डोक्यावर घालून बैलासमोर उभा होता. "वळखंना मला बैल," असं म्हणून त्यानं ती परत केली. टोपीला एका बाजूनं पोचा आला होता. कंडक्टर मला एक शब्दही वावगा बोलला नाही. वर चढून त्यानं गाठ स्वतः बांधली. त्याचे आभार मानायचे राहिले, ते इथं मानतो.

घोडेगावात पंचायत समितीच्या शेजारी एका खोलीत शिकवणं होतं. आठ बाया आल्या होत्या, सगळ्या डिंभ्याच्या पुढच्या एका वाडीतल्या. त्यांच्यातल्या दोघी अजून डोळ्यांपुढं आहेत. हिराबाई तिशीची, अंगानं बारीक, बोलायची कमी. मातीला हात लावला की माती तिचं ऐकायची. दुसरी सोनाबाई. तिच्या तोंडाला खंड नव्हता आणि कामाला उरक नव्हता. इतर बाया तिला तोंडावर आळशी म्हणत आणि ती ते मान म्हणून घ्यायची.

पहिल्याच दिवशी मी त्यांना विचारलं, "हे शिकून काय करणार?"

बाकीच्या हसल्या. हिराबाई म्हणाली, "पंचायत आसपासच्या सा वाड्यांत ह्या चुली बसवनार हाय. आमी पास झालो तर ते काम आमाला. नाय झालो तर मंचरचा ठेकेदार मानसं घिऊन येनार."

"मग?"

"मग आमी नारायणगावला जानार, टमाट्याच्या वावरात. दिवाळी झाली की जातोच. पालात ऱ्हातो. पोरगी संगं येती. तिची साळा बुडती. औंदा ती चवथीत हाय."

नियम असा होता, की प्रत्येकीनं स्वतःच्या घरी एक चूल बांधायची, पुण्याहून साहेब येऊन तपासणार, आणि आठातल्या निदान सहा चुली चालल्या तर वाडीला काम मिळणार. आधी हा नियम माझ्या कागदावरची एक ओळ होता. हिराबाई बोलल्यानंतर मला त्याचं ओझं वाटू लागलं.

सोनाबाईनं मला विचारलं, "सर, तुमच्या घरी हीच चूल आसंल न्हवं? तुमची आय सुखी हाय बाई."

मी मान हलवली. ते खोटं होतं. आमच्या घरी साधी मातीची चूल होती. तूरकाट्या आणि गोवऱ्या जळायच्या आणि आई डोळे पुसत भाकरी थापायची. 'नवी चूल बांधतो' असं मी दोनदा म्हणालो होतो. ती म्हणाली होती, "राहू दे, तुला लोकाच्या कामातून सवड कुठं." आणि मी ते खरं मानलं होतं.

फळ्यावर मी मोठ्या अक्षरांत लिहिलं: चूल स्वच्छ ठेवा. भेग दिसली की लगेच लिंपा. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना ते मोठ्यानं वाचून दाखवलं. आठही जणींनी माना डोलावल्या.

वाडी

घोडेगावच्या पुढं रस्ता धरणाच्या पाण्याच्या कडेनं जातो. एका बाजूला निळं पाणी, दुसऱ्या बाजूला हिरड्याची झाडं. माझ्या मुलखात एवढं पाणी एका जागी मी कधी पाहिलं नव्हतं. शेजारी बसलेले एक आजोबा म्हणाले, "ह्या पान्याखाली माझं घर हाय." तक्रारीचा सूर नव्हता. पत्ता सांगावा तसं त्यांनी सांगितलं.

वाडीत माझी सोय हिराबाईच्या घरी होती. तिची सासू ठकूबाई, हिला सगळे आत्या म्हणत. तिनं मला पाहताच विचारलं, "तूच का आमची चूल मोडाया आला?" मग पाटावर बसवून नाचणीची भाकरी आणि सुकटाची चटणी वाढली. आमच्याकडं ज्वारीची भाकरी पांढरी, पातळ, पापुद्र्याची. ही काळपट आणि जाड, पण पोटात गेली की संध्याकाळपर्यंत भुकेची आठवण होत नाही. आमच्याकडं पाहुणा पुरे म्हणाला की वाढणं थांबतं. इथं पुरे म्हटल्यावर एक वाढतात आणि गप्प बसल्यावर दुसरी.

दोन दिवसांत आठ चुली उभ्या राहिल्या. साचा एकच, म्हणून तो घरोघर फिरला. साचा काढून घेतल्यावर आतली धुराची वाट हातानं गुळगुळीत करायची असते. ही वाट पुढच्या जाळापासून वैलाखालून, म्हणजे दुसऱ्या भांड्याच्या तोंडाखालून, मागच्या धुराड्यापर्यंत जाते. हिराबाईनं वैलातून हात घातला आणि कोपरापर्यंत नेऊन इतका सफाईनं फिरवला, की मी पट्टी खिशात ठेवून दिली. सोनाबाईच्या चुलीवर पोचा आलेली टोपी बसली. "आळशाच्या डोक्याला वाकडी टोपी," बाया म्हणाल्या. "वारं तरी वळखंल माजं घर," ती म्हणाली.

मग चुली वाळायला पाच दिवस ठेवल्या. या पाच दिवसांत मी वाडीत नुसता पाहुणा होतो. कुणी हिरडा वेचायला नेलं, कुणी करवंदाच्या जाळीत नेलं. माझा सदरा फाटला, तो आत्यानं शिवला. सकाळ-संध्याकाळ घरोघरी बाया नव्या चुलीला शेणमातीचं पोतेरं घेताना दिसायच्या. भेग दिसली की हात फिरायचा. नाही दिसली तरी फिरायचा, कारण साहेब येणार होते. चुली अशा दिसू लागल्या, की देव्हाऱ्यात ठेवाव्यात. मला फार बरं वाटलं. फळ्यावरचं वाक्य माणसं इतकं मनावर घेतात, याचा अभिमानही वाटला.

तपासणीच्या आदला दिवस

साहेब उद्या येणार म्हणून आज सकाळी सगळ्या चुली पेटवून बघायच्या ठरल्या. पहिली हिराबाईची. तिनं काटक्या लावल्या, जाळ धरला, आणि वैलातून, पुढच्या तोंडातून, जिथून मिळेल तिथून धूर घरात आला. धुराड्यातून बिडीएवढा सुद्धा निघाला नाही. आम्ही खोकत बाहेर पडलो.

दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी तेच. आठातल्या सहा चुली घरात धुमसत होत्या. एक बरी चालली. आणि सोनाबाईची, वाकड्या टोपीची, अशी चालली की जाळाचा आवाज बाहेर ऐकू येत होता.

आत्या दारात उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माज्या तीन दगडांच्या चुलीचा धूर छपराला तरी जायचा. ह्यो डोळ्यात जातुया. उद्या तुमचा सायेब गेला की ही चूल मी मुसळानं फोडनार."

हिराबाई ओट्यावर बसून आपल्या पोरीच्या दप्तराचा तुटलेला बंद शिवू लागली. ते मला आत्याच्या बोलण्यापेक्षा जड गेलं.

मी ठरवून टाकलं, की दोष टोपीचा. इब्राहिमचाचांनी माप बदललं त्याचा हा परिणाम. मी छपरावर चढलो, हिराबाईची टोपी काढली, सोनाबाईची चालणारी टोपी आणून बसवली. धूर तसाच. टोपी नसतानाही पाहिलं. तसाच. छपरावर बसून मी पुस्तिका पहिल्या पानापासून वाचली. शेवटच्या पानापर्यंत चुलीत धूर उलटतो असं कुठंच लिहिलेलं नव्हतं. खाली बाया वर बघत उभ्या होत्या.

"सर," हिराबाईनं खालून हाक मारली, "जाळ इझवलाय. चूल निवू द्या. मला हात घालून बघायचाय."

चूल निवेपर्यंत आम्ही ओट्यावर बसून राहिलो. मग तिनं वैलातून हात आत घातला. मनगट गेलं, आणि बांगड्या खळकन वाजून अडकल्या. तिनं हात बाहेर काढला, बांगड्यांकडं पाहिलं आणि पुन्हा घातला. पुन्हा तिथंच वाजल्या.

"साचा काढला तवा कोपरापत्तोर जात व्हता हात," ती म्हणाली. "वाट बारीक झालीया."

"कशानं?"

"पोतेऱ्यानं." तिनं बाकीच्यांकडं वळून पाहिलं. "आपन दोनदा-दोनदा लिंपलं. वरनं बी आन् आतनं बी. रोजच्या रोज जाड व्हत गेलं."

मग एकजण सोनाबाईला म्हणाली, "आन् तू गं? तू किती डाव लिंपलंस?"

"येक डाव," सोनाबाई म्हणाली. "ते बी वरनंच. कट्टाळा आला व्हता."

हसू आधी आत्याला फुटलं, मग सगळ्यांना. सोनाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "लई बोलत व्हता मला. आता कुनाची चूल हुशार?"

मला हसू आलं नाही. ज्या बाया जास्त मन लावून वागल्या त्यांच्याच चुली बिघडल्या होत्या, आणि त्या वागल्या होत्या माझ्या सांगण्यावरून. मी ते सगळ्यांसमोर बोलून दाखवलं, "चूक माझी आहे. किती लिंपायचं ते मी सांगितलंच नाही."

"तुमी तरी काय करनार," हिराबाई म्हणाली. "तुमच्या हातात बांगड्या कुठं हायेत."

"भरू की चार," सोनाबाई म्हणाली. "हिरव्या शोभतील सरांना."

मग खुरपी निघाली. दुपारभर घरोघर खरवडणं चाललं. एकीनं खरवडायचं, दुसरीनं हात घालून बघायचं. हिराबाई घरोघर फिरून एकच गोष्ट बघत होती. बांगड्या भरलेला हात आत जाताना वाजतो का. वाजला तर परत खरवडा. दिवस मावळायच्या आत वाडीच्या आठही छपरांवरून धूर सरळ वर जाताना दिसला. आत्यानं नव्या चुलीवर पहिला भात शिजवला आणि मला वाढताना म्हणाली, "ऱ्हाऊ दे. फोडत नाय."

साहेब

साहेब जीपनं आले. देव्हाऱ्यात ठेवाव्यात अशा दिसणाऱ्या चुली आता खरवडून ओबडधोबड झाल्या होत्या. पहिल्याच घरी त्यांनी कपाळाला आठी घातली. "ही अशी उकरलेली का?"

मी सांगायला पुढं झालो, पण हिराबाई आधीच बोलायला लागली होती. तिनं सगळं सांगितलं. लिंपण, धूर, खुरपं. काही लपवलं नाही.

साहेबांनी ऐकून घेतलं. "आज खरवडलंत. मी गेल्यावर पुन्हा लिंपाल. बायका लिंपायच्या राहणार आहेत का?"

"नाय ऱ्हानार," हिराबाई म्हणाली. "चूल पोतारल्याबिगार आमी जेवत नाय. पन आठ दिसांनी निवल्या चुलीत हात घालायचा. बांगड्या वाजल्या की खरवडायचं. ज्या घरी चूल बांधू तिथल्या बाईला ह्ये शिकवूनच निघायचं. पट्टी कुनाकडं नसती, बांगड्या समद्यांकडं हायेत. ज्या भरत नायती त्यांनी दोऱ्याचं कडं करायचं."

साहेब चुलीपुढं उकिडवे बसले आणि स्वतःचा हात वैलात घातला. मनगटाशी अडकला.

"सायेब, घड्याळ काढा," सोनाबाई म्हणाली.

त्यांनी घड्याळ काढून खिशात ठेवलं, बाही सारली आणि हात कोपरापर्यंत आत नेला. बाहेर काढला तेव्हा काजळी पार वरपर्यंत लागली होती. हिराबाईच्या पोरीनं तांब्या आणला. हात धुता धुता त्यांनी मला विचारलं, "हे तुमच्या पुस्तिकेत आहे का?"

"नाही," मी म्हणालो.

"मग लिहा."

आठातल्या सात चुली त्यांनी पास केल्या. एकीचा पुढचा काठ तडकला होता. तिला पुन्हा बांधायला सांगितलं. सहा वाड्यांचं काम बायांना द्यावं असं त्यांनी तिथंच, आत्याच्या ओट्यावर बसून, कागदावर लिहून सही केली.

निघताना हिराबाई गाडीपर्यंत आली. नेहमीसारखी कमी बोलली. "औंदा नारायणगाव नाय," म्हणाली. मग गाडी हलता हलता, "तुमच्या आयला सांगा, बांगड्या वाजल्या की खरवडायचं."

मी हो म्हणालो. या वेळी मान हलवून भागणार नव्हतं.

जामखेड

परतीच्या वाटेवर जुन्नरला उतरून मी इब्राहिमचाचांची माफी मागितली. मनातल्या मनात त्यांच्यावर आळ घेतला होता तो सांगितला, आणि बोलता बोलता आईच्या चुलीचंही बोललो. ते हसले, चहा पाजला आणि वर एक टोपी दिली. "ही कुणासाठी?" मी विचारलं. "तुमाला ठाऊक," ते म्हणाले.

घरी आलो त्याच आठवड्यात आमच्या स्वयंपाकघरात चूल बांधली. साचा संस्थेत जमा केला होता, म्हणून हातानंच बांधली, चार बोटं, वीत, मूठ अशा मापानं. आई उंबऱ्यात बसून बघत होती. वाळल्यावर मी तिला हात आत घालायला सांगितलं. तिनं पदर खोचला, काचेच्या बांगड्यांसकट हात वैलातून कोपरापर्यंत नेला. आवाज आला नाही.

"छान केलीस," ती म्हणाली. "पुण्यात शिकवतात व्हय हे?"

"नाही," मी म्हणालो, आणि तिला हिराबाईबद्दल सांगायला बसलो. तोवर भाकऱ्या झाल्या. आईनं एकदाही डोळे पुसले नव्हते.